कॅमेऱ्याच्या तळाचं कुंकू

ये गं मुक्ते, अशी जवळ बस. तू तिकडं पुण्यात, मी इथं सांगलीत, आणि हे चाललंय कागदावर — तरी बस. आधी चार शब्द बोलून घेते, मग पुढचं. माझ्या भावानं, बापूनं, म्हणजे तुझ्या आजोबानं, सांगितलं तू कॅमेरा घेतलास. बरं वाटलं मला. मग म्हणाला, आधी दुकानात गेली, सगळे कॅमेरे खाली उतरवून घेतले, त्या माणसाला विचार विचार विचारलं, त्यानं चहा पाजला तो प्याली — आणि घरी येऊन फोनवरनं मागवला. स्वस्त पडला म्हणे. अगं, निदान त्याचा चहा तरी प्यायचा नव्हतास!

रागवत नाही. रागवायला मी कोण? आपल्या घरात हे पहिल्यांदा मीच केलं. तेव्हा फोनवरनं नव्हतं, पोस्टानं होतं, एवढाच काय तो फरक. आणि तू निदान कुणाला खोटं सांगितलं नाहीस.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बापूला नाही, त्याच्याच घरात राहत होते तरी. तुझ्या आजीला नाही. देवापुढंही कधी बोलले नाही. सांगताना आतून काही होईल असं वाटलं होतं, पण होत नाही. एकाच कुशीवर फार वेळ निजलं की हात कसा होतो — आपलाच, पण आपला वाटत नाही — तसं आहे.

तुला माहीत आहे, माझे यजमान साताऱ्याला वारले आणि मी माहेरी परत आले. ते नव्वदच्या पुढचं एखादं वर्ष. मूलबाळ नाही, शिक्षण सातवी. भावजय चांगली होती, घरात काही कमी नव्हतं. पण संक्रांतीचं हळदीकुंकू आलं की मी आपोआप मागच्या खोलीत जाऊन बसायची. कुणी जा म्हणत नव्हतं. कुणी ये पण म्हणत नव्हतं.

अण्णांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. कॅमेरे, रोल, फ्लॅश, अल्बम. मी बापूच्या पोरांचे शाळेचे फोटो आणायला गेले होते, आणि काचेच्या कपाटातल्या कॅमेऱ्याकडं बघत राहिले असणार. अण्णा म्हणाले, "अक्का, बघून काय कळतंय? हातात घ्या की."

"मोडला तर?"

"मोडला तर आमी हायच की दुरुस्तीला. माणूस मोडला तर दुरुस्ती न्हाई, ह्याला हाय."

असं बोलणारा माणूस. मग मी जातच राहिले. ते मला दुकानातला जुना कॅमेरा द्यायचे, कृष्णेच्या घाटावर जा म्हणायचे, म्हशी काढा, पाणी काढा, फोटो बिघडवा पण काढा. बिघडलेले फोटो काउंटरवर मांडून हसायचे. "अक्का, ही म्हस हाय का ढग?" पण मग शांतपणे सांगायचे, उजेड कुठनं यायला हवा होता, हात कुठं हलला. वर्षभर शिकवलं मला त्या माणसानं. कशासाठी? मी एक दिवस कॅमेरा घेईन म्हणून? तसं असेलही. दुकानदार होते ते. पण नुसतं तेवढंच नव्हतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

आता त्यांची एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. खंडेनवमीला आपण घरातल्या हत्यारांची पूजा करतो ना, तशी अण्णा कॅमेऱ्यांची करायचे. त्यांच्याकडनं घेतलेला प्रत्येक कॅमेरा त्या दिवशी दुकानात यायचा. सांगलीचे फोटोवाले यायचे, मिरजेचे, खेडोपाडीचे यायचे. अण्णा एकेक उघडून पुसायचे, दुरुस्ती असेल तर तिथंच करायचे, आणि मग उलटा करून तळाला करंगळीनं एक ठिपका लावायचे. तांबडा. नवा कॅमेरा विकतानाही पहिला ठिपका लावूनच द्यायचे. त्यामुळं लग्नाघरी लोक फोटोवाल्याचा कॅमेरा उलटा करून बघायचे. ठिपका असला की निर्धास्त. अण्णांकडचा आहे, दगा देणार नाही.

आणि मी काय केलं? मासिकात जाहिरात आली होती. मुंबईहून, पोस्टानं, फ्लॅश आणि कातडी पिशवी फुकट. अण्णांपेक्षा कमी पडत होता. मी मागवला. अण्णांना सांगितलं, भाऊ सध्या नको म्हणतोय. बापूनं नको म्हटलेलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "असू दे की, गडबड कसली. आपला जुना न्या तवर."

पार्सल आलं. कॅमेरा दिसायला सुरेख होता. पण उलटा केला तर तळ कोरा.

भावजय मंडईला गेली होती. दुपार. मी देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा घेतला. साताऱ्याहून आल्यापासनं मी कुंकवाला हात लावलेला नव्हता — पूजासुद्धा भावजयच करायची. मी करंगळी बुडवली आणि कॅमेऱ्याच्या तळाला ठिपका लावला. समोर आरसा होता. बोट तसंच तांबडं होतं. कपाळाकडं नेलं नाही. मनातच आलं नाही असं म्हणत नाही मी. नेलं नाही एवढंच. नळाखाली धरलं, धुतलं.

म्हणजे बघ, इतक्या वर्षांनी कुंकवात बोट घातलं ते कशासाठी — तर खोटं लावण्यासाठी.

पण त्या ठिपक्यानं मला दारं उघडली. बाई फोटो काढते म्हणून आतल्या बायकांना मोकळं वाटायचं. डोहाळजेवणं, बारशी, हळद लावतानाचे फोटो. ज्या हळदीकुंकवाला मला कुणी बोलावत नव्हतं तिथं आता मी मधोमध उभी असायची, "अक्का इकडून घ्या, अक्का आमचा एक." कॅमेरा डोळ्याला लावला की कपाळ झाकतं गं.

मग कडेगावकडचं लग्न आलं. ऊसवाल्यांचं मोठं घर. मुलगा फौजेत, रजा घेऊन आलेला, लगेच परत जायचा होता. बोलणी करायला मुलाचे चुलते आले होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी कॅमेरा उलटा केला, ठिपका बघितला. "अण्णांचा न्हवं?" मी म्हटलं, "होय, अण्णांकडचाच." किती सहज म्हटलं मी! जीभ अडखळलीसुद्धा नाही.

लग्न छान झालं. रोल धुवून आले, लॅबवाल्यानं पाकीट दिलं आणि माझ्याकडं बघितलं नाही. मी एसटीत बसून उघडलं.

निम्मा फोटो काळा. एकच नव्हे — सगळे. आतला पडदा अडकत होता, नंतर कळलं. फोटोची डावी बाजू काळी मिट्ट. आणि आपल्यात नवरी नवऱ्याच्या डाव्या हाताला असते, म्हणजे समोरून बघणाऱ्याला तो डावीकडं दिसतो. मग काय होणार? प्रत्येक फोटोत नवरी होती. हसणारी, मुंडावळ्या बांधलेली, हार घालायला हात उचललेली. आणि ती हार काळोखाला घालत होती.

मी परत फिरू शकले असते. फिरले नाही, गेले. मुलगा आधीच पलटणीत परत गेला होता. ओसरीवर फोटो हातोहात फिरले. मग त्याची आई म्हणाली, "आवं बाई, ह्यात माझा पोरगा कुटं हाय?"

ती नवी सून दाराशी उभी होती, तिनं एकच फोटो हातात धरला होता आणि काळ्या भागावरनं अंगठा फिरवत होती.

कोपऱ्यात एक म्हातारी होती, ती म्हणाली, "मी तवाच म्हनलं व्हतं. पांढऱ्या कपाळाची बाई मांडवात कशाला? आता बघा, नवराच पुसला."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे कपाळाकडं. मुक्ते, तुला हे कळायचं नाही, आणि कळू नयेच. त्या एका वाक्यानं मी परत मागच्या खोलीत गेले असते, कायमची. सगळ्या पंचक्रोशीत.

तेवढ्यात तात्यांनी माझ्या पिशवीतनं कॅमेरा काढला आणि उलटा केला. "गप ए म्हातारे. बाईचा काय दोष? यंत्रच खोटं हाय. अण्णानं बिघडल्यालं गळ्यात मारलंय. व्हय का न्हाई, अक्का?"

आणि मी म्हटलं — व्हय.

म्हणायचं नव्हतं, तोंडातनं निघून गेलं — असलं काही नाही. मी विचार केला. क्षणभरच, पण केला. अण्णा पुरुष आहेत, दुकान मोठं आहे, त्यांना झेपेल. असा विचार केला आणि व्हय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या जीपमधून आम्ही सांगलीला आलो. मी मागं बसले होते. दुकानात गिऱ्हाइकं होती. तात्यांनी फोटो काउंटरवर पसरले, कॅमेरा उलटा आपटला. "अण्णा, ह्यो ठिपका कुनाचा? सांगा समद्यास्नी."

अण्णांनी चष्मा लावला. त्यांना बघता क्षणीच कळलं असणार, हा आपण विकलेला नाही. मला काहीच विकलं नव्हतं त्यांनी. भाऊ नको म्हणतोय, असं मीच सांगितलं होतं ना? त्यांनी ठिपक्यावरनं अंगठा फिरवला. ठिपका पुसला गेला, अंगठ्याला लागला. कोरडं कुंकू ते.

त्यांचा ठिपका कुंकवाचा नसायचाच. शेंदूर असायचा तो, तेलात कालवलेला, मारुतीला लावतात तसा. धरून धरून, हाताच्या मळानं तो काळपट तांबडा व्हायचा, आणि मी तसेच जुने ठिपके बघितले होते. मला ते कुंकू वाटलं. ज्या बाईला कुंकू नाही तिला सगळं तांबडं कुंकूच दिसतं की काय कोण जाणे.

अण्णांनी अंगठा बघितला. मग एकदाच माझ्याकडं बघितलं — तेही कपाळाकडं. पंच्याला अंगठा पुसला. आणि म्हणाले, "माझाच हाय. माझ्याकडनंच चूक झाली. अक्कांचा काय संबंध न्हाई."

मी तिथंच उभी होते. हातभर अंतरावर. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं.

नाही उघडलं.

पुढचं भराभर सांगते. तिकडच्या गावांत बोललं जायला लागलं, सांगलीच्या अण्णाचा कॅमेरा नवरा पुसतो. आधी थट्टा म्हणून. मग लग्नाघरी लोक ठिपका बघून फोटोवाल्याला परत पाठवायला लागले. फोटोवाल्यांनी ठिपके खरवडून काढले. पुढच्या खंडेनवमीला मी समोरच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहून बघितलं — अण्णा नवं धोतर नेसून बसले होते, तबकात शेंदूर, आणि काउंटर जवळजवळ रिकामा. मी आत गेले नाही. नंतर त्यांनी अर्ध्या दुकानात झेरॉक्स टाकलं. मग सगळंच गेलं आणि ते लेकीकडं जतला राहायला गेले. तिथंच वारले. मला मंडईत कळलं. मी घरी आले आणि गवार निवडायला घेतली.

कडेगावच्या त्या मुलाला काही झालं नाही. नोकरी पुरी करून घरी आला, नातवंडं आहेत त्याला आता. कुणाचं काही पुसलं गेलं असेल तर ते अण्णांचं.

एवढंच असतं तर भीती वाटली म्हणून मोकळी झाले असते मी. पण पुढं आणखी आहे, आणि सांगायचं होतं ते खरं हेच. त्यानंतर कितीतरी वर्षं मी फोटो काढले, त्याच कॅमेऱ्यानं. तात्यांनी आपटला तो दुकानातच राहिला होता, अण्णांनी दुरुस्त करून ठेवला होता, आणि ते दुकानात नाहीत अशी वेळ बघून मी त्यांच्या बायकोकडनं घेऊन आले. लोक विचारायचे, "अक्का, कॅमेरा अण्णाकडचा न्हाई न्हवं?" आणि मी म्हणायची, "छे! मुंबईहून मागवलाय, पोस्टानं. पावती दाखवू?"

तेव्हा कुठं मी खरं बोलले. खऱ्याची किंमत आली तेव्हा.

आता तुला सांगायचं होतं ते संपलं. त्या दुकानदाराकडं परत जा, असं सांगत नाही. तुझं तू बघ. मला वाईट म्हण, नको म्हण, काही मागत नाही.

एवढंच, की सवड काढून ये. सणाचीच वाट बघत बसू नकोस. तो कॅमेरा कपाटात दुलईखाली आहे, पिशवीसकट. घरी आणून उलटा केला होता मी तेव्हा — माझं कुंकू पुरतं पुसून अण्णांनी तिथं ताजा शेंदूर लावला होता. इतकी वर्षं मी तो कातडी पिशवीनं झाकून ठेवला, आता तोही काळा पडलाय. तू बघशील तर कुंकूच म्हणशील.

ये लवकर.