आरतीपुरतं बंद

काकासाहेब चेमटे हे नाव ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे फेटा, झुबकेदार मिशी आणि जीपगाडी उभी राहिली, तर त्यात दोष आमच्या नगर जिल्ह्याचा आहे. आमच्याकडे पोर पाळण्यात असतानाच त्याचा आबासाहेब किंवा काकासाहेब करून टाकतात. पुढे त्याच्या नशिबी खरा साहेब आला, की साहेबाची पंचाईत होते. आमच्या प्रयोगशाळेचे डॉक्टर निमोणकर परदेशात शिकून आलेले, बोलायला अतिशय मृदू. "काकासाहेब, जरा ती मोरीतली बादली उचलता का?" असं ते म्हणाले की बाहेरून आलेला माणूस बादलीकडे न बघता आधी काकासाहेबाच्या पायांकडे वाकायला बघायचा.

काकासाहेब होता प्रयोगशाळेतला हंगामी मदतनीस. घोडेगावच्या बाजाराजवळच्या वस्तीवरचा, बांध्याने काटक, कान मोठे आणि स्वभावाने इतका गरीब, की वासरानेही त्याच्यावर डाफरावं. त्याचं काम मात्र भल्याभल्यांना घाम फोडणारं होतं. विंचवाच्या विषात पेप्टाइड नावाचे बारीक तुकडे असतात, त्यांचा हृदयावर काय परिणाम होतो हे डॉक्टर शोधत होते. त्यासाठी विंचू लागत. ते काकासाहेब आणी. बहात्तर साल होतं, जिकडे तिकडे दुष्काळी कामांवर खडी फोडणं चालू होतं, आणि दगड हलला की खाली विंचू असे. काकासाहेबाची आई भीमाबाई स्वतः खडी फोडत होती. ती ओरडायची, "काका, निघाला रं!" आणि हा चिमटा घेऊन धावायचा. मायलेकरांचं इतकं लाघवी संभाषण मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

विंचू चिमट्यात धरायचा, शेपटीला विजेचा हलका झटका द्यायचा, नांगीच्या टोकाला आलेला थेंब काचेच्या वाटीत घ्यायचा. असे वर्षभराचे थेंब गोठवून ठेवलेले. त्यातून डॉक्टरांनी हवा तो भाग वेगळा काढला, लहान कुप्यांमध्ये भरला आणि पुन्हा गोठवला. आता शेवटचं काम राहिलं होतं, वाळवण्याचं. त्यासाठी प्रयोगशाळेत एक यंत्र होतं. त्यातला पंप कुप्यांमधली हवा ओढून घेतो. हवा गेली की बर्फाचं पाणी होत नाही, त्याची थेट वाफ होते आणि खाली कापसासारखा पांढरा भुगा उरतो. हा भुगा रबरी बूच लावून थंड कपाटात ठेवला की वर्षानुवर्षं टिकतो. पंप मध्येच थांबला तर मात्र बर्फ वितळतो, भुग्याचा चिखल होतो, आणि पंपातलं तेल उलटं नळीत चढून कुप्यांत उतरतं.

हे सगळं काकासाहेबाला तोंडपाठ होतं. नुसतं पाठ नव्हतं, त्याला त्याचा माज होता. थंड कपाटातली बाटली कोणी बाहेर काढून लगेच उघडू लागलं तर तो हात धरायचा. "आधी तिला खोलीची हवा लागू द्या. गार बाटली उघडली की हवेतलं पानी पिती ती." बाटल्या धुणाऱ्या झुंबरबाईला तर त्याने जीव नकोसा केला होता. धुतलेली बाटली उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "मावशे, हिच्यात अजून तुझं बोट दिसतंय." झुंबरबाई म्हणायची, "तुझ्या बायकोचं कसं व्हायचं रं बाबा!"

बायको हाच तर सगळा प्रश्न होता.

कोल्हारच्या श्रीमंतरावांची मुलगी विजयमाला त्याने पाहिली होती. श्रीमंतराव प्रवरेच्या काठचे ऊसवाले. दुष्काळातही त्यांच्या अंगणात हिरवं दिसे. अशा घरची मुलगी घोडेगावकडच्या जिरायती मदतनिसाच्या वाट्याला यायचं कारण इतकंच, की श्रीमंतरावांना जावई नाकारण्याचा छंद होता. एक मुलगा दुसऱ्यांदा पोहे मागतो म्हणून नाकारला, खादाड. त्याच्या पुढचा मागत नाही म्हणून नाकारला, आजारी. एका शाळामास्तरला त्यांनी गोठ्यात नेलं आणि बैलाचं वय विचारलं. मास्तरने बैलाची जन्मतारीख विचारली. तो तिथूनच परत गेला. अशाने विजयमालेचं वय वाढत गेलं आणि श्रीमंतरावांची कीर्तीही.

काकासाहेब बैलबाजारात वाढलेला. त्याने बैलाचा जबडा उघडून दात पाहिले आणि बरोबर वय सांगितलं. श्रीमंतरावांचा पहिल्यांदाच विरस झाला. मग ओसरीवर त्याने यंत्राबद्दल बोलायला सुरुवात केली. भुगा, पंप, गार बाटली. दाराआडून विजयमाला एकदा हसली. त्या एका हसण्यावर काकासाहेब महिनाभर जेवला.

"नोकरी कायम का हंगामी?" श्रीमंतरावांनी विचारलं.

"सध्या हंगामी. हा भुगा मुंबैच्या मोठ्या लॅबला पोचला की कायम करनार, डॉक्टर म्हनलेत."

"मग कायम झालास की सुपारी फोडू. पर त्याआधी तुझं ते मशीन मला दाव. नुसत्या तोंडावर पोरगी देत न्हाई मी."

म्हणजे भुग्यावर नोकरी आणि नोकरीवर विजयमाला. इतक्या हलक्या वस्तूवर इतका संसार कोणी उभा केला नसेल.

नवरात्रात अष्टमीच्या संध्याकाळी डॉक्टरांनी कुप्या यंत्राला लावल्या आणि पंप सुरू केला. दसऱ्याच्या सकाळपर्यंत तो अखंड चालायला हवा होता. डॉक्टर सणाला पुण्याला निघाले. निघताना म्हणाले, "काकासाहेब, आकाश पडलं तर पडू द्या. पंप थांबता कामा नये."

"मी हाय ना," काकासाहेब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी विळे, कोयते, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ घासूनपुसून मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. वर्षभर राबलेल्या हत्याराला एक दिवसाची विश्रांती. कचेरीतला टाइपरायटरसुद्धा झेंडूची माळ घालून गप्प बसला होता. काकासाहेबानेही यंत्र पुसलं, पंपाला माळ घातली, कुंकू लावलं. पंप माळेसकट धडधडत होता आणि झेंडूच्या पाकळ्या खाली झडत होत्या. आणि नेमके त्याच दिवशी श्रीमंतराव आले. नवा फेटा, हातात पेढ्यांचा पुडा.

पुढचं सगळं झुंबरबाईसमोर घडलं. तिनेच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना ती बाटली धुवायची थांबली होती, यावरून काय ते समजा.

श्रीमंतरावांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, बैलाभोवती मारतात तशी. मग कपाळाला आठी घातली.

"हे चालूच हाय?"

"व्हय मामा. उद्या सकाळपतुर चालनार."

"आज खंडेनवमी. कुंकू लावलंस, माळ घातलीस, आन् देवीला कामाला जुंपलंस? आमच्याकडं आज विळीनं कांदासुदीक चिरत न्हाईत."

"हे बंद नस्तंय करायचं मामा. आतला माल बिघडंल."

"कुऱ्हाड चालू ठिवून कुऱ्हाडीची पूजा करनारा पयलाच गडी बगितला मी," श्रीमंतराव हसले. "आरं, दिवसभर न्हाई म्हनत. आरतीपुरतं बंद कर. पाच मिन्टं. का सासऱ्याच्या शब्दाला येवढी बी किंमत न्हाई?"

सासरा हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता. काकासाहेबाचे कान, जे मुळातच मोठे होते, लाल झाले.

झुंबरबाई म्हणाली, "काका, डाक्टर काय सांगून गेलेत?"

"मावशे, तू बाटल्या धू," काकासाहेब म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

पंप थांबला. खोलीत एकदम शांतता झाली. श्रीमंतरावांनी खाकरून गळा मोकळा केला आणि आरती सुरू केली. गणपतीची झाली, देवीची झाली. काकासाहेबाने बटणाकडे हात नेला, तर त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं आणि शंकराची सुरू केली. मग विठोबाची. मग खंडोबाची. त्यांचा आवाज मोठा, पाठांतर दांडगं, आणि समोरचा माणूस तळमळतोय हे बघून त्यांना आणखी चाली सुचत होत्या. काकासाहेब टाळ्या वाजवत होता. टाळ्या वाजवता वाजवता तो बघत होता, की कुप्यांतला पांढरा कापूस आधी ओला झाला, मग खाली बसला, मग त्याला फेस आला. नळीतून काळपट तेल सावकाश सरकत आलं आणि एकेका कुपीत उतरलं. तरी तो टाळ्या वाजवत राहिला. हात थांबले तर सासऱ्यांना काय वाटेल?

शेवटी कापूर विझला. काकासाहेबाने पंप सुरू केला. घशात भाकरी अडकलेल्या म्हाताऱ्यासारखा त्याने आवाज काढला.

श्रीमंतराव पेढा चघळत कुपीकडे वाकले. "हे काय, तीर्थ?"

दसरा झाल्यावर डॉक्टर परतले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं सगळ्यांनाच वाटलं. त्यांनी एक कुपी खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली.

"वर्षभराचे विंचू," ते मृदू आवाजात म्हणाले. "काकासाहेब, त्यांनी तुमचं काय वाईट केलं होतं?"

"पूजा हुती साहेब. खंडेनवमी..."

"पाव्हणे आले होते, असं ऐकलं."

काकासाहेब पंपावरची सुकलेली माळ काढू लागला.

"तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणा. मी विश्वास ठेवतो आणि आपण विषय संपवू."

इथे माणसाने खोटं बोलावं. पण काकासाहेब म्हणाला, "माहीत हुतं साहेब."

"मग कठीण आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी त्याला काढून टाकलं नाही, कारण चिमट्यात विंचू धरणारा दुसरा माणूस मिळत नव्हता. "या कुप्या आपणच धुवा, झुंबरबाईंना त्रास नको. उद्यापासून पुन्हा दगड उलटायला लागा. आणि तुम्हाला कायम करण्याचं मी पुन्हा बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका."

काकासाहेबाने कुप्या धुतल्या. तेलकट होत्या, निघता निघेनात. झुंबरबाई जवळ उभी राहिली. एरवी तिने सूड घेतला असता, एक डोळा मिटून बोट दिसतंय म्हणाली असती. तिने नुसतं कोरडं फडकं पुढे केलं, आणि त्यानेच तो जास्त खचला.

पुढच्या रविवारी तो कोल्हारला गेला. त्याचा हिशेब सरळ होता. ज्यांच्या शब्दासाठी पंप थांबवला, ते निदान आपला शब्द पाळतील.

श्रीमंतराव ओसरीवर बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली.

"म्हंजी कायम न्हाई."

"न्हाई. पर मामा, तुमीच म्हनला हुता बंद कर."

"म्हनलो हुतो की! मी माझ्या तोंडानं म्हनलो. बटान कुनाच्या बोटानं दाबलं?" त्यांचे डोळे चमकत होते. नाकारण्याचा सुख-सोहळा आता रंगात आला होता. "परीक्षा बगत हुतो मी तुझी. मालकानं एक सांगितलं, पाव्हण्यानं दुसरं सांगितलं, तू पाव्हण्याचं ऐकलंस. उद्या कुनी म्हनंल, बायकूला हिरीत ढकल, आरतीपुरती. ढकलशील व्हय?"

ओसरीवरचे दोन गडी हसले. काकासाहेबसुद्धा, सवयीने, थोडंसं हसला.

विजयमाला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिने तो त्याच्यापुढे ठेवला आणि बाप समोर असताना, पहिल्यांदाच, सरळ त्याच्याशी बोलली.

"अण्णा परीक्षाबिरीक्षा काय घेत न्हाईत. त्यांना मजा येती. सगळ्या कोल्हारला ठावं हाय."

"ए, आत हो!" श्रीमंतराव म्हणाले.

"जाते की." पण ती गेली नाही. "मी जलमल्यापासून ह्यांना व्हय म्हनत आले. मला वाटलं हुतं, येकजन तरी न्हाई म्हननारा गावंल. तुमचं मशीन, तुमची जागा, सगळं तुमाला म्हाईत, आन् तितं बी तुमच्यानं न्हाई म्हनवलं न्हाई. मग माझ्यासाठी कधी न्हाई म्हनला असता काय?"

काकासाहेबाने तांब्याकडे हात नेला. पाणी प्यावं की नाही हे त्याला सुचेना. विजयमालेने तांब्या उचलला आणि आत नेला.

तो उठला तसे श्रीमंतराव जरा विरघळले. कामगिरी फत्ते झाली की ते नेहमीच प्रेमळ होत. त्यांनी गड्याला हाक मारून पत्र्याचा एक डबा मागवला. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली.

"उसाच्या पाचटात घावले. तुझ्याच कामाचे. रिकाम्या हातानं कशाला जातो?"

काकासाहेबाने झाकण किलकिलं करून आत पाहिलं. "लाल हायत, इखारी," तो म्हणाला. "चांगले हायत." आणि त्याने त्यांना वाकून नमस्कार केला.

शिर्डीहून येणारी नगरची एस.टी. भाविकांनी भरलेली होती. एका पुणेकर बाईंनी पिशवी मांडीवर घेऊन त्याला जागा दिली. राहुरीच्या अलीकडे त्यांनी कौतुकाने विचारलं, "डब्यात काय, प्रसाद का?"

खोटं बोलणं त्याला जमत नसेच. "विंचू," तो म्हणाला.

बाई उठल्या. त्यांच्या मागचे उठले, पुढचेही उठले. गाडीच्या तोंडाशी माणसं एकमेकांच्या पायांवर उभी राहिली, आणि मागे तीन बाकं मोकळी झाली. कंडक्टर लांबूनच ओरडला, "काका, टिकीट येकाचं काडलंय, आन् आक्खी गाडी घेऊन बसलाय व्हय!" लोक हसले.

काकासाहेब खिडकीशी सरकला. डबा त्याने शेजारच्या जागेवर ठेवला. वळणावर तो घसरू लागला तसा त्याच्यावर हात ठेवला, आणि नगर येईपर्यंत तो हात काढला नाही. आत सारखी खरखर चालू होती.