तेरड्याच्या माळावर अविश्वास ठराव

नाशिकहून निघताना मनात एकच गोष्ट पक्की होती: चार दिवस बातम्या बघायच्या नाहीत. गेले काही महिने कुठला आमदार कुणाच्या गाडीत बसला, पक्ष खरा कुणाचा आणि चिन्ह कुणाचं, यावरून आमच्या घरात बापलेकांची अशी जुंपायची की ताटातली भाजी गार होऊन जायची. मीही काही शहाणी नव्हे. अंथरुणात पडल्यापडल्या फोनवर तेच वाचायचे आणि मग झोपेचं खोबरं व्हायचं. अशात नंदाताईचा फोन आला. नंदाताई माझी मामेबहीण. माहेर दारव्ह्याचं, आणि दिलेली दिग्रसजवळच्या एका खेड्यात.

"ये ना वं मीना. माळ तेरड्यानं गुलाबी झाला हाय. तुले फुलं पाहाची एवढी हौस, न् भादव्यात एकदाही आली नाई."

मी लगेच तिकीट काढलं.

धामणगावला रेल्वेतून उतरले, यवतमाळ गाठलं आणि तिथून दिग्रसची एसटी धरली. यवतमाळ सोडलं की रस्ता टेकड्यांना वळसे घालत जातो. दोन्ही बाजूंना कमरेएवढी पऱ्हाटी (कपाशी), पिवळं पडू लागलेलं सोयाबीन आणि मधूनच तुरीच्या ओळी. खिडकीतून वारा असा येत होता की मी फोन पिशवीच्या तळाशी टाकून दिला. दिग्रसच्या स्टँडवर आलूबोंडा (आपला बटाटेवडा) तिखट तर्रीत बुडवून खाल्ला, नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, आणि आणखी एक मागवला.

नंदाताईचे यजमान विलासराव मोटरसायकल घेऊन न्यायला आले होते. एरवी हे भाऊजी मेहुणीला चिडवण्याची एक संधी सोडत नाहीत. त्या दिवशी मात्र गप्प. वाटेत फोन वाजला की गाडी बाजूला घ्यायची आणि म्हणायचं, "देल्ला ना शब्द. शब्द म्हंजे शब्द." मला वाटलं, सोयाबीनचा काही व्यवहार असेल.

संध्याकाळी ओसरीवर चहा चालला होता, तेवढ्यात इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ आले. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि नंदाताईला म्हणाले, "वहिनी, उद्या सकाळी तयार राह्यजा. सगळे मेंबर देवदर्शनाले जाऊन राह्यलो. जीप दारात येईन. राहणं, जेवणं, सगळं आपल्याकडं."

मी खूश झाले. "वा! वाटेत माळरान लागेल का हो? आणि गाडीत जागा असेल तर मीही येते. फुलं बघायलाच आले आहे."

ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. भाऊजींना ठसका लागला. नंदाताई पदराने तोंड झाकून स्वयंपाकघरात पळाली, आणि मी मागोमाग गेले तर ती चुलीपाशी बसून हसत होती.

"मायबाई! अवं, ते देवदर्शन नाई. आमाले लपवाले नेऊन राह्यले."

मग तिने सगळं सांगितलं. नंदाताई ग्रामपंचायतीची सदस्य. सरपंच शोभाताईंवर अविश्वास ठराव आला होता आणि परवा त्यावर मतदान होतं. वर मुंबईत पक्ष फुटला, मग जिल्ह्यात फुटला, मग तालुक्यात, आणि शेवटी तो या गावच्या पारापर्यंत फुटत आला. आता ठराव पास व्हायला लागणाऱ्या मतांत नेमकं एक कमी पडत होतं, म्हणून नंदाताईचं मत जिकडे, तिकडे निकाल. दुसऱ्या बाजूने ते फोडू नये म्हणून ही जीप. ओसरीवर आलेले पुढारी भाऊजींच्याच गटाचे; त्यांना भाऊजींनी बायकोचं मत ठरावाच्या बाजूने देऊनही टाकलं होतं. तिला न विचारता.

"आणि तुझं काय मत आहे?" मी विचारलं.

तिचं हसू गेलं. "शोभीचा मले राग हाय. भल्ला राग. आंगणवाडीची खोली आमच्या आळीत बांधीन म्हणे, न् नेली तिकडं दुसऱ्या टोकाले. लेकरं चिखल तुडवत जातात. पण लगन होऊन आलो तवापासून आमी दोघी एका विहिरीवर पाणी भरलो." एवढं बोलून ती भाकरी थापायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "जीप येयाच्या आंधी निघू. मले काही सुचून नाई राह्यलं."

पहाटे आम्ही मागच्या दाराने सटकलो. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, तिच्या फडक्यात भाकर, मोकळं बेसन (कोरडं पिठलं) आणि कांदा. पहिल्याच वावरात (शेतात) माझी फजिती झाली. काळ्या मातीने बूट असा धरला की पाय वर आला आणि बूट खालीच राहिला. नंदाताईने चपला केव्हाच हातात घेतल्या होत्या. "शयरातली हायेस, शोभून दिसते," म्हणाली. मीही बूट काढले, आणि धुऱ्यावरून (बांधावरून) अनवाणी चालू लागले. किती वर्षांनी पायाला ओलं गवत लागलं!

धुऱ्यावर तरोट्याची पिवळी फुलं, पायाशी केन्याचे निळे ठिपके, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे. मग चढ आला, दगड लागले, आणि वर पोचलो तर समोर सगळा माळ तेरड्याने भरलेला. गुलाबी, पण एक गुलाबी नव्हे. कुठे फिका, कुठे जांभळ्याकडे झुकणारा, आणि वाऱ्याबरोबर सगळा एकदम हलणारा. मी अक्षरशः बसून घेतलं. डोळे भरून आले आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही. आधल्या रात्री कोण कुठल्या पक्षात गेलं असेल, याचा विचार करायलाही सवड नव्हती.

एका झुडपावर लालपिवळी कळलावी चढली होती. मी हात पुढे केला, तर नंदाताई ओरडली, "राहू दे! खड्यानाग हाय तो. घरात नेला का भांडणं लागतात." मग स्वतःच म्हणाली, "आता कोणतं लागाचं राह्यलं म्हणा!"

हसत हसत आम्ही एका मोठ्या दगडाला वळसा घातला आणि नंदाताई जागीच थांबली. दगडाच्या आड हिरव्या लुगड्यातली एक बाई पाय पसरून बसली होती. शेजारी चपला.

"सरपंच," नंदाताई माझ्या कानात म्हणाली.

शोभाताईंनी वळून पाहिलं. "तुले जीपीत नाई नेलं?"

"तू इथंसा काय करून राह्यली?"

"घरात मानसंच मानसं. मले वाचवाले आलेले. पहाटेपासून त्याइचा चहा मीच करू? मंग आली इकडं, जरा श्वास घ्यायले."

मला हसू आवरेना, आणि त्याही हसल्या. आम्ही बसलो. नंदाताईने भाकर मोडून तिघींत वाटली. कांदा मी बुक्कीने फोडला. नंदाताई तेरड्याच्या फुगलेल्या शेंगा चिमटीत धरून फोडत होती. बिया टप्पकन उडायच्या. मग तिने एकदम विचारलं, "आंगणवाडी हालवताना मले काहून नाई विचारलं?"

शोभाताईंचा घास हातातच राहिला. "विचारलं असतं तं तू नाई म्हटली असती. न् वरून जागेसाठी दबाव होता. तुह्या तोंडावर सांगाची माही हिंमतच झाली नाई, नंदे."

"मंग तसं तरी सांगाचं!"

"चुकलं माहं. आता काय करशीन? कर हात वर. मी काही म्हणणार नाई."

नंदाताईचा चेहरा लाल झाला. मी उठून बाजूला जावं की बसावं, मला कळेना, म्हणून शेजारच्या फुलाकडे बघत बसले.

"तुह्यावर माहा राग हाय," नंदाताई म्हणाली. "उद्याही राह्यीन. पण तो माहा राग हाय, शोभे. त्याचा सौदा दुसऱ्यानं कायले करावा? मी हात नाई करत वर."

शोभाताई पदर डोळ्यांना लावून रडू लागल्या. नंदाताईने त्यांना घडाघडा आणखी चार गोष्टी ऐकवल्या, अंगणवाडीच्याच, आणि मग पाण्याची बाटली पुढे केली. त्यानंतर आम्ही दुपारपर्यंत माळावर भटकलो. एका छोट्या जांभळ्या फुलाचं नाव तिघींपैकी कोणालाच येईना, त्यावरून मात्र मोठा वाद झाला.

घरी आलो तेव्हा जीप भरपूर हॉर्न वाजवून बाकीच्या मेंबरांना घेऊन गेली होती. भाऊजी ओसरीवर उभे.

"कुठं गेलती?"

"फुलं पाहाले."

"मी शब्द देऊन बसलो न् तू फुलं पाहून राह्यली?"

"मले विचारलं होतं?"

भाऊजी रात्री जेवले, पण बोलले नाहीत. मला घरात फार अवघडल्यासारखं झालं.

सभेच्या दिवशी मी बायकांबरोबर ग्रामपंचायतीच्या खिडकीशी उभी होते. ठरावाच्या बाजूने हात वर करा म्हटल्यावर एकेक हात वर गेला. सगळ्यांच्या माना नंदाताईकडे वळल्या. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. आणि ते तिथेच राहिले. ठराव पडला. बाहेर फटाके फुटले, कोणीतरी पेढे आणले. नंदाताईने पेढ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यांसमोर शोभाताईंना म्हणाली, "गोड मंग खाऊ. पयले आंगणवाडीचं बोल."

दुसऱ्या दिवशी मी परत निघाले. भाऊजीच सोडायला आले. मागे बसून मी विचार करत होते. भांडणापासून पळायला मी फुलांकडे आले होते. आणि या दोघींनी फुलांत बसून आपलं भांडण सरळ तोंडावर काढलं, मन मोकळं केलं आणि पुन्हा गावात जाऊन उभ्या राहिल्या. मला माळावर जो आनंद झाला, तो खराच होता. पण त्यांना मिळालं ते जास्त उपयोगाचं होतं.

दिग्रसच्या स्टँडवर गाडी लागलेली होती. माझी पिशवी वर ठेवून भाऊजी खाली उतरले आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. पहिल्यांदाच बोलले.

"मीनाताई, तिकडं माळावर खरंच एवढं पाहासारखं हाय?"

"आहे, भाऊजी."

"ती दरसाली म्हणते, चला म्हणून. मी कधी गेलोच नाई." कंडक्टरने घंटी मारली. भाऊजी गाडीबरोबर दोन पावलं चालले. "आठ दिवस राह्यतीन का फुलं?"

"राहतील," मी ओरडून सांगितलं. "पण आधी तिला विचारा!"