बाबांच्या ताकात

मला मुदतीचा ताप आला तेव्हा मी सात वर्षांची होते. वैद्यानं हात टेकले तसे बाबा मठात गेले आणि देवापुढे बोलले, "पोरगी वाचली तं मी देवाचा. दारूचा थेंब घेनार नाई." मी वाचले. बाबांनी गळ्यात तुळशीची माळ घातली.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं, आणि आमच्या अंजनगावात ठेक्याचं दारूदुकान बाजाराच्या तोंडाशीच होतं. माळ घालण्याआधी पिऊन बाबा मायवर हात उचलायचे, हे मी झाकून ठेवणार नाही. पण पिऊन आले की मला खांद्यावर घेऊन पानमळ्याच्या बांधावर नाचायचे, जिलबी भरवायचे. शुद्धीवर त्यांना ते कधी जमलंच नाही.

मठातल्या महाराजांनी त्यांना नेमाचा अर्थ सांगितला होता. दारू ही नुसती सुरुवात. मनाला देवापासून ओढतं ते सगळं नशाच, पोटच्या पोरीची मायासुद्धा. मग बाबा मठातच राहू लागले. पुनवेला आमच्या दारी भिक्षेला यायचे, ओसरीवर ताक-भाकर खायचे, माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. माझ्यापायी नेम धरला आणि मीच चालेना! त्या देवाला फूल वाहणं मी सोडून दिलं.

कंबर चोळायला मायनं बाबांची अर्धी बाटली ठेवली होती. एका पुनवेला ती मी त्यांच्या ताकात ओतली. प्यायले की बाबा पुन्हा आमचे होतील, एवढंच मला कळत होतं.

एका घोटासरशी त्यांनी पेला खाली ठेवला. "कोनं टाकली?"

मायनं पेल्याचा वास घेतला, दाराआड उभ्या माझ्याकडे पाहिलं.

"म्या टाकली," ती म्हणाली. "लेकरू झुरून राह्यलं तुमच्यासाठी."

"तुले मालूम व्हतं, हे मी कोनासाठी सोडलं," म्हणत बाबा उठले. मी तोंड उघडलं नाही.

त्यानंतर ते शेजारी भिक्षा मागायचे आणि आमचं दार सोडून पुढं जायचे. नवऱ्याचा नेम मोडणारी म्हणून गावानं मायला नावं ठेवली, हळदीकुंकवाचं बोलावणं बंद केलं. तिनं जन्मभर सोसलं, माझं नाव काढलं नाही.

ती गेली त्या दिवशी बाबा आले, अंगणाबाहेर उभे राहिले. तोवर मी दोन लेकरांची आई झाले होते. आज सांगायचंच, असं ठरवून मी त्यांच्याजवळ गेले आणि विचारलं काय, तर "बाबा, पानी आनू?"

"नाई," बाबा म्हणाले. "या घरचं मी घेत नाई."