सरांनी न नेलेली मुलगी

“तोंड मंग दाखव. आधी पळून दाखव.”

कॉलेजच्या हॉकी संघात नाव द्यायला गेले, तेव्हा सरांचं माझ्याशी पहिलं बोलणं हे एवढंच. मी आपली नाव, गाव, वर्ग सांगत होते आणि ते माझ्या पायांकडे बघत होते. चपला काढून मी आदिलाबादच्या त्या मुरमाड मैदानावर धावले. परत आले तर म्हणाले, “पळणं काही खरं नाई तुयं. पण दगड टोचला तरी थांबली नाई. गोलकीपर हो.”

आमच्या भागातल्या शाळांत ज्यांनी त्या काळी नोकऱ्या केल्या, त्यांनी सरांना कधी ना कधी पाहिलं असेल. बुटका, काळासावळा माणूस, गळ्यात शिट्टी, डोक्याला रुमाल बांधलेला. मंचेरियलच्या खाणकामगाराचा मुलगा. मैदानावर ओरडायचे तेलुगूत, शिव्या द्यायचे हिंदीत आणि समजूत घालायची झाली की मराठीत यायचे. “परुगेत्तु!” अशी आरोळी आली की पळायचं, आणि “इकडं ये पोरी” म्हणाले की घाबरायचं, कारण तेव्हा काहीतरी खरंच चुकलेलं असायचं.

माझे बाबा आधी शेतमजूर होते, मग कचेरीत शिपाई झाले. मुलीनं हाफ पँट घालून खेळायचं म्हटल्यावर त्यांनी जेवण सोडलं. सर घरी आले, आईच्या हातचा चहा प्यायले आणि म्हणाले, “हाप प्यांट नाई. सलवारीवर खेळल.” आणि आम्ही खरंच सलवारी मोज्यात खोचून खेळलो. वरंगलकडच्या मुली आम्हाला हसल्या. सामना आम्ही जिंकलो. परतीच्या गाडीत सरांनी सगळ्यांना उकडलेले चणे वाटले आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून बसले. ते रडत होते, हे आम्हाला कळत होतं.

पुढे त्या मैदानावर इमारत उठली. संघ मोडला. सरांची नोकरी तशीही कच्चीच होती, ती गेली. मग हैदराबादेकडच्या एका क्रीडा वसतिगृहानं त्यांना ठेवून घेतलं. काम एकच. जिल्हाभर फिरायचं, खेळणारी मुलं हेरायची आणि वसतिगृहात पाठवायची. तिथं राहणं, जेवण, शाळा, खेळ सगळं फुकट. सर बेज्जूरच्या जंगलातल्या वाड्यांपासून आमच्या तामसीपर्यंत बसनं, बैलगाडीनं, पायी हिंडायचे. मी तोवर तामसीजवळच्या एका शाळेत शिक्षिका झाले होते. पावसाळा सरला की ते यायचे आणि दारातूनच विचारायचे, “काय म्हणते तुई फौज?”

शेवंता माझ्याच वर्गातली. बांधावरून, काट्यातून, कशातूनही हरणासारखी सुटायची. सरांनी तिला एकदाच धावताना पाहिलं आणि डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. बाप कबूल झाला. आई कापसाच्या बोंडातून सरकी काढावी तसं एकेक विचारत होती. जेवाले काय देतेत? निजते कुठं? शेवटी म्हणाली, “आजारी पडली त मले कोन सांगन?”

“मी सांगीन,” सर म्हणाले. “माया जबाबदारीवर नेऊन राह्यलो, माय.”

शेवंता गेली. दिवाळीला आली तेव्हा अंगानं भरली होती, तेलुगू फाडफाड बोलत होती, नवे बूट सगळ्या गल्लीला दाखवत होती. तिची आई माझ्या घरी येऊन लाडू देऊन गेली.

पुढच्या पावसाळ्यात वसतिगृहात तापाची साथ आली. शेवंता तापानं फणफणत असताना तिला गोळ्या देऊन खोलीत निजवून ठेवलं होतं. स्पर्धा जवळ होती, तिथली मोठी मंडळी त्या धावपळीत. सर कामासाठी तिकडे गेले, तेव्हा त्यांना ती अंथरुणावर बरळताना सापडली. त्यांनी तिला उचलून रिक्षात घातलं, दवाखाना गाठला. उशीर झाला होता.

तिच्या पायात ते नवे बूट चढवून, जीपमधून तिचा देह घेऊन सर आधी माझ्या शाळेवर आले. “तू चाल माया संगं,” एवढंच म्हणाले. मी गेले. शेवंताची आई अंगण शेणानं सारवत होती. जीप पाहून ती उठली, हात पदराला पुसत पुढे आली. सर खाली उतरले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

“सांगाले आले का?” तिनं विचारलं.

सरांनी मान हलवली. ती जीपच्या मागच्या बाजूला गेली आणि पोरीच्या पायातले बूट काढू लागली. गाठ सुटत नव्हती. सरांनी वाकून ती सोडवली.

त्यानंतरही सर येत राहिले. नोकरी तीच होती. पण त्यांनी आमच्या शाळेतून कुणालाही नेलं नाही. मला वाटलं, योगायोग असेल. मग प्रमिलाची वेळ आली.

प्रमिला शेवंतापेक्षाही सरस होती. मी तिला वर्षभर स्टिक धरायला शिकवलं होतं. सर आले त्या दिवशी तिनं मोठ्या मुलांना चकवून चेंडू असा नेला की गावातले लोक कुंपणावर चढून टाळ्या वाजवायला लागले. ती धापा टाकत सरांसमोर येऊन उभी राहिली.

“नाई,” सर म्हणाले. “इच्यात काही नाई.”

प्रमिलाचा चेहरा पाहवला नाही मला. मी सरांना वर्गात ओढलं. “सर, तुमी खोटं बोलून राह्यले.”

“हो.”

“काऊन? तिचं काय होईल इथं? दोन वर्षांत लगन लावून देतीन!”

“लगन लागन,” ते म्हणाले. “जित्ती त राहीन.”

मी रागानं बोलत राहिले. सगळ्याच मुली मरत नाहीत, त्याच वसतिगृहातून किती मुली पुढे गेल्या, तुमी तिच्या वाटेत उभे राह्यले. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “तुयं बरोबर हाय. मले जमत नाई.” आणि बसस्टॉपकडे चालू लागले.

शेवंतानंतर सगळ्या जिल्ह्यातून त्यांनी कुणालाच पाठवलं नव्हतं, हे मला नंतर समजलं. वसतिगृहानं त्यांना कमी केलं. ते मंचेरियलला भावाकडे जाऊन राहिले आणि काही वर्षांनी तिथंच वारले. मला निरोप मिळाला तेव्हा दिवस-कार्यही उरकलं होतं.

त्याच आठवड्यात आदिलाबादच्या बसमध्ये प्रमिला भेटली. कडेवर एक लेकरू, दुसरं पदराला धरून. कापूस वेचून बोटं चिरलेली. मी तिला सर गेल्याचं सांगितलं.

“बाई, मले एक सांगा. माया खेळात काय कमी होतं?”

मी तिला सगळं सांगितलं. शेवंता गेली तो दिवस, तिच्या आईचं विचारणं, वर्गातलं आमचं भांडण. “काहीच कमी नव्हतं,” मी म्हणाले. “तुला काही होऊ नये म्हणून ते खोटं बोलले.”

तिचं गाव आलं. तिनं लेकरू सावरलं, पिशवी उचलली आणि उतरता उतरता माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते.

“मंग त्याईनं मले इचाराले पाह्यजे होतं,” ती म्हणाली आणि उतरून गेली.