नूडलचा हँडओव्हर

इथे आखातात, आमच्या अल नस्रच्या बिल्डिंगमधले किस्से सांगायला बसलं की चहा दोनदा गरम करावा लागतो. एक संपतोय तोवर दुसरा तयार! त्यात गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी साप होता आणि त्या सापाला माइट्स झाले होते. माइट्स म्हणजे सापाच्या उवा समजा. काळ्या, मिरपुडीच्या कणाएवढ्या, खवल्यांखाली बसून रक्त पिणाऱ्या.

साप आला कुठून? माझा नवरा निखिल वेस्ट बे भागातल्या एका कन्स्ट्रक्शन कंपनीत इंजिनिअर आहे. त्याच्या ऑफिसातला हॅरी दोन आठवड्यांच्या सुट्टीवर गेला आणि जाताना मनगटाएवढा जाड अजगर आमच्याकडे ठेवून गेला. नाव नूडल. हॅरीने तिकडूनच राजीनामा पाठवला. त्याचे दोन आठवडे अजून चालूच आहेत.

"बिल्डिंगच्या नियमांत पेट्स अलाउड आहेत," निखिल म्हणाला. "कुठले ते लिहिलेलं नाही." कॉन्ट्रॅक्ट वाचून वाचून माणसाची बुद्धी अशी होते!

आमची नऊ वर्षांची अन्वी मात्र त्याच दिवशी नूडलची आई झाली. मी राहिले सासू.

*

जूनमध्ये नूडल दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहायला लागला.

"उकडत असेल गं त्याला," निखिल म्हणाला.

एक दिवस भांड्यातल्या पाण्यावर काळे ठिपके तरंगताना दिसले.

"मिरपूड सांडली असेल."

"हो ना," मी म्हटलं, "मी रोज त्याला रस्सम वाढते."

मग नूडलने खाणं सोडलं. त्याचे उंदीर माझ्या फ्रीझरमध्ये, मटारांच्या शेजारी, डब्यावर 'आईसाठी नाही' असं लिहून ठेवलेले असतात. दोनदा काढले, गरम केले, दोनदा फेकले. व्हेटने तपासून स्पष्टच सांगितलं, माइट्स गेले नाहीत तर हा वाचणार नाही.

त्या दिवशी अन्वीने ताट सरकवलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं.

"I'll eat when he eats."

खरं सांगते, मी घाबरले. सापासाठी नाही हं! पोरीसाठी. दुसऱ्या दिवशी कशीबशी वरणभातावर आली.

तेव्हाच मी जाहीर केलं, माइट्स गेले की मागोमाग सापही जाणार. गिऱ्हाईकही तयार होतं. निखिलचे बॉस परांजपे सर, द पर्ल नावाच्या श्रीमंत वस्तीत राहतात. त्यांना घरात काहीतरी 'एक्झॉटिक' हवं होतं. अट एकच. "एकही माइट नको. माझा सोफा पांढरा आहे."

अन्वी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. आणि मी? मी त्या सापाची इतकी सेवा केली की सख्ख्या सासूची केली नसेल. लवकर साफ व्हावा आणि लवकर जावा, एवढाच स्वार्थ.

*

व्हेटने सांगितलेलं साधं होतं. पेटीतला लाकडाचा भुसा काढा, साधा टिश्यू पेपर घाला. लाकडी फांदी फेकून द्या. पेटी कढत पाण्याने धुवा. सापाला कोमट पाण्यात बसवा, दिलेला स्प्रे सांगितला तसाच वापरा. अंडी फुटत राहतात, म्हणून हे सगळं पुन्हा पुन्हा करा.

एवढ्यावर निखिलने, साइटवर कुठलं काम कसं करायचं ते लिहितात तसं, अकरा पानांचं मेथड स्टेटमेंट बनवलं! फ्रिजवर लावलं. दर शुक्रवारी सकाळी बाथरूममध्ये टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधी मजुरांना धोके समजावतात तो. मी टब धरून उभी, अन्वी साप धरून उभी, हा हातात क्लिपबोर्ड धरून उभा.

"आजचे हॅझर्ड्स कोणते?"

"तू," मी म्हटलं.

मग इन्स्पेक्शन. इमारत ताब्यात देण्याआधी उरलेल्या चुकांची यादी करतात, तिला ही मंडळी स्नॅग लिस्ट म्हणतात. आमच्याकडे सापाची स्नॅग लिस्ट झाली. "स्नॅग नंबर चौदा. डाव्या डोळ्याजवळ, दोन नग." ओल्या कापसाने ते दोन नग काढायचे मीच. साहेब सही करणार! पुढच्या शुक्रवारी तिथेच तीन नग.

"लहान बाळ आहे का ते, एवढं जपून पुसायला?" निखिल एकदा म्हणाला.

"डोळा आहे तो, तुझी स्लॅब नाही!" मी खेकसले. अन्वी माझ्याकडे बघतच राहिली.

*

समोरच्या फ्लॅटमध्ये फहमिदा भाभी. रत्नागिरीच्या. सापाचं नाव तोंडातून कधी काढणार नाहीत. रोज सकाळी उंबऱ्यापलीकडून चौकशी.

"अगो, जनावर गेलं काय?"

"नाही भाभी."

"मग चहा बाहेरच दे."

एक दिवस त्या लोबान घेऊन आल्या. म्हणाल्या, "घराला मस्त धुरी दे. लोबानाला ढेकूण काय, भाडेकरूपण पळतात!"

नूडलला बेडरूममध्ये कोंडलं, दाराखाली टॉवेल लावला, आणि हॉलमध्ये भाभींनी अशी धुरी दिली की मला समोरचा टीव्ही दिसेना. दोन मिनिटांत फायर अलार्म! आणि भाभींचा शब्द खरा ठरला. सातही मजल्यांचे भाडेकरू पळाले.

संध्याकाळचे पाच, बाहेर पंचेचाळीस डिग्री. अख्खी बिल्डिंग पार्किंगमध्ये घाम पुसत उभी. पासपोर्ट कुणी आणले, कुणी सोनं आणलं. निखिलने आणला अन्वीचा युनिकॉर्नचा उशीचा अभ्रा, तोंड बांधलेला.

नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, म्हणाला, "साब, तकिया क्यूँ लाया?"

"इसके बिना नींद नहीं आती."

तेवढ्यात तकिया हलला. नातूर दोन पावलं मागे सरकला. तेव्हापासून तो निखिलला रोज सलाम करतो.

आम्ही गाडीत एसी लावून बसलो. वर आल्यावर इन्स्पेक्शन केलं, तर माइट्स जागच्या जागी! त्यांना फायर ड्रिल शिकवलेली नसावी.

*

मग आली नागपंचमी. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या बायका दरवर्षी पाटावर काढलेल्या नागाला नमस्कार करतात. यंदा कुणीतरी ग्रुपवर टाकलं, अल नस्रला खरा आहे! झालं, अकरा जणी दूध-लाह्या घेऊन दारात.

"अहो, हा नाग नाही, अजगर आहे," मी म्हटलं.

"चालेल हो. परदेशात तेवढं अ‍ॅडजस्ट करावं लागतं."

"आणि हा दूध पीत नाही."

"आम्ही पिऊ की!"

नूडल पेटीत, बायका पेटीभोवती. काचेला हळद-कुंकू लावून झालं. मंडळाच्या अध्यक्षीणबाई चष्मा वर करून वाकल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "किती छान! काळे तीळसुद्धा वाहिलेत तुम्ही."

मग त्यातला एक तीळ चालायला लागला.

अकरा जणी, एक लिफ्ट. लाह्या मी आठवडाभर झाडत होते.

*

पण सप्टेंबरमध्ये एका शुक्रवारी स्नॅग लिस्ट कोरी निघाली. पुढच्या शुक्रवारीही. त्याच्या पुढच्याही. पांढऱ्या टिश्यूवर एक काळा ठिपका नाही, पाणी स्वच्छ. त्याच दुपारी नूडलने उंदीर खाल्ला. आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो. मला इतका आनंद झाला की स्वतःचाच राग आला.

निखिलने ताबडतोब बॉसला मेसेज टाकला, 'झीरो स्नॅग्ज. रेडी फॉर हँडओव्हर.' लगेच उत्तर आलं, 'येतो.'

अन्वी रडली नाही. तिने गुपचूप नूडलला उचललं, युनिकॉर्नच्या अभ्र्यात ठेवलं आणि तोंड बांधलं.

"तुझा आवडता अभ्रा आहे ना तो?" मी म्हटलं.

"He can't sleep without it, Aai."

बेल वाजली. मीच दार उघडलं. परांजपे सर पांढऱ्याशुभ्र शर्टात, हातात नवी कोरी पेटी.

"काय वहिनी, यल्ला, चला! हँडओव्हर रेडी?"

"सॉरी हं सर," मी म्हटलं. "आत्ताच बघितलं. डाव्या डोळ्याजवळ, दोन नग."

"अगं, काहीतरीच काय! सकाळीच तर मी सही..." निखिल मागून ओरडला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

परांजपे सर घुटमळले. "दोनच ना? पुसून टाकले तर..."

समोरच्या उंबऱ्यात फहमिदा भाभी उभ्या होत्या. जनावर जातंय हे बघायला मुद्दाम आलेल्या. त्यांनी एकदा सरांकडे बघितलं, एकदा अभ्रा छातीशी धरलेल्या अन्वीकडे. आणि कोपर खाजवायला लागल्या.

"दोन कसले हो साहेब," त्या म्हणाल्या, "माझ्या अख्ख्या सोफ्यात झालेत!"

परांजपे सरांनी लिफ्टची वाट बघितली नाही.