परक्या देव्हाऱ्यातली किल्ली

दहावीचा निकाल लागला आणि माझं सगळं आयुष्य पोस्टमनच्या पिशवीत जाऊन बसलं. बारामतीला डिप्लोमासाठी अर्ज भरला होता. मुलाखतीचं पत्र आलं तर बारामती, हॉस्टेल, स्वतःची कॉट. नाही आलं तर आमचं गाव निरवांगी, शेळ्या आणि आत्यानं आणलेलं स्थळ. मधलं काही नव्हतं. तात्या, म्हणजे माझे वडील, रोज संध्याकाळी चहाच्या टपरीवरनं टपाल घेऊन यायचे आणि मी तोंड उघडायच्या आधीच मान हलवायचे. "न्हाय आलं. पोस्टाचं काय खरं हाय का?"

घरात बसून पोरीचं डोकं फिरेल म्हणून आईनं भांडून मला इंदापूरला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारच्या एसटीनं परत. तात्यांना ते चाललं. दावं लांब सोडलं तरी खुंटी घरातच होती ना!

क्लास स्टँडजवळच्या एका दुकानाच्या माडीवर होता. चपला बाहेर काढायच्या, खिडक्यांना जाड पडदे, कारण धुळीनं मशीन बिघडतं म्हणे. एका कॉम्प्युटरवर दोघी. माझी जोडीदारीण तहसील कचेरीतल्या क्लार्कची मुलगी, तोंडानं फटकळ, आणि मला तिचं ते फटकळ तोंडच आवडायचं. टायपिंग उरकलं की सर शेवटचा अर्धा तास पुण्याहून आणलेली एका खेळाची सीडी लावून द्यायचे. त्या खेळात एक विलायती मुलगी काकाच्या जुन्या बंगल्यात येते. काका गायब, आणि तिच्यामागं दार बंद होतं. चिठ्ठ्या, किल्ल्या शोधत एकेक खोली उघडायची आणि काकाचं काय झालं ते हुडकायचं. सगळं इंग्रजीत, त्यामुळं डिक्शनरी मांडीवर. पडद्यावर बाण फिरवायचा. जिथं काही दडलेलं असेल तिथं त्या बाणाचा हात व्हायचा.

तिसऱ्या खोलीत आम्ही अडकलो ते अडकलोच. दोन आठवडे! कपाटं झाली, गालिचा उचलून झाला, घड्याळाचे काटे फिरवून झाले. दार ढिम्म हललं नाही. त्या खोलीचा मला इतका संताप यायचा की घरी भाकरी थापतानासुद्धा तीच डोळ्यांपुढं. तिकडं किल्ली नाही, इकडं पत्र नाही. आणि सर आपले हसत म्हणायचे, "नीट बघा गं. सगळीकडं हात लावा."

सगळीकडं लावला होता, एक जागा सोडून. त्या खोलीच्या भिंतीत एक मोठा कोनाडा होता. वर कमान, कमानीवर छोटी मूर्ती, दोन्ही बाजूंना पितळेचे उंच दिवे. देव्हाराच तो! आमच्या घरात देव्हाऱ्याला बायका शिवत नाहीत. देवाचे टाक तात्यांनी धुवायचे, भंडारा तात्यांनी वाहायचा, आम्ही पुढ्यात बसून पाया पडायचं. आणि हा तर परक्याच्या घरातला. मी बाण तिथनं लांबून वळवून न्यायचे. पहिल्या दिवशी तर गुपचूप नमस्कारही केला होता.

"तिथं बघितलं का?" एके दिवशी जोडीदारणीनं विचारलं.

"तो देव्हारा हाय."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "इंग्रजांचा?"

"कुणाचा का असंना."

"सरक तिकडं. आमच्यात देव्हाराच न्हाय, मला कशाचं भ्या?" त्यांचं घर बौद्ध. तिच्या आजोबांनीच देव सोडले होते. तिनं माउस ओढून घेतला, बाण कोनाड्यात नेला, आणि त्याचा हात झाला. आत राखेखाली किल्ली!

सर पोट धरून हसले. "अगं बाई, चूल आहे ती, शेकायची. थंडीत घरातच लाकडं पेटवतात ती माणसं."

"काखेत कळसा आन् गावाला वळसा," जोडीदारीण म्हणाली. मीही हसले. दार उघडलं. आत आणखी एक खोली होती आणि तिचंही दार बंद होतं. पण माझं लक्ष उडालं होतं. आमच्या घरात महत्त्वाचा कुठलाही कागद आधी देवापुढं जातो. माझं दहावीचं हॉलतिकीट, ताईच्या लग्नाची पत्रिका, सगळं देव्हाऱ्यात राहून मगच बाहेर आलं होतं. आणि तिथं हात घालणारं माणूस घरात एकच होतं.

दुपारची एसटी त्या दिवशी जास्तच रेंगाळली. घरी कुणी नव्हतं, आई आणि तात्या दोघंही रानात. मी हातपाय धुतले. मग देव्हाऱ्यापुढं बसले आणि टाकांच्या मागं, लाल फडक्याखाली हात घातला.

पाकीट फोडलेलं होतं, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं. बारामतीचं. मुलाखतीची तारीख सहा दिवसांमागं होऊन गेली होती.

मी रडले नाही. मला राग आला होता, इतका की कानशिलं तापली. तात्या आले तेव्हा मी तिथंच बसले होते, पत्र मांडीवर. त्यांनी आधी पत्राकडं बघितलं, मग फडक्याकडं.

"देव्हाऱ्यात हात घातलास?"

"व्हय, घातला," मी म्हणाले. "देवापुढं ठिवलंवतं ना तुमी? मग कौल लावला आसंल. काय म्हनला देव?"

कौल लावल्याशिवाय तात्या म्हैससुद्धा घ्यायचे नाहीत. टाकावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर देव व्हय म्हणाला, डावी पडली तर न्हाय. त्यांनी आजवर कौल मोडलेला कुणी बघितला नव्हता.

ते खांबाला टेकून खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"न्हाय लावला."

"का?"

ते टोपीची घडी चाचपू लागले. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही.

"उजवी पडली आस्ती तर तुला धाडावं लागलं आस्तं, पोरी."