आपोआप सुधारणारी रेष

मी ऑफिस सोडलं आणि आमच्या नात्यागोत्यात एकाएकी कॉम्प्युटरतज्ज्ञांचं पीक आलं. दिराला सगळं माहीत होतं, शेजारच्या वहिनींना त्याहून जास्त, आणि नवऱ्याला तर लग्न झाल्यापासूनच सगळं माहीत आहे. विषय साधा होता. लोणावळ्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी कित्येक वर्षं घरांचे नकाशे काढत होते. साहेबांनी ऑफिस पुण्याला हलवलं. मी कुसगावच्या घरी बसून स्वतःची कामं घ्यायचं ठरवलं, आणि त्यासाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता. नेहमीचा लॅपटॉप, की पडद्यावर पेनाने काढता येतं तसला, एवढंच काय ते ठरायचं होतं.

आमच्या ऑफिसातले नकाशे कोणाचे, तर ज्यांना वर्षातून चार शनिवार निसर्गाच्या कुशीत राहायचं असतं आणि त्या कुशीत पाच बाथरूम लागतात, त्यांचे. ते असो. मी कामाला लागले तेव्हा सगळं हाताने चालायचं. मोठा तिरका बोर्ड, शाईची पेनं आणि ट्रेसिंगचा कागद. पावसाळ्यात तो कागद दमट होऊन पार मलूल पडायचा, म्हणून आम्ही तो कपाटात जळत्या बल्बशेजारी ठेवायचो. लोणावळ्यात कपडे, चपला, पापड आणि नकाशे या सगळ्यांना बल्ब एकच. तिथल्या म्हाताऱ्या ड्राफ्ट्समननी मला पट्टीशिवाय सरळ रेष ओढायला शिकवली. "मनगट हलवू नकोस, खांद्यातून ओढ," ते म्हणायचे. "आणि नजर पेनाच्या टोकावर नको. रेष जिथे संपायचीय तिथे ठेव." मला ते जमलं. त्या रेषेचा मला गर्व होता आणि मी तो कधी लपवला नाही.

मग कॉम्प्युटर आला. पेन खाली ठेवा, माऊस हातात घ्या, असं फर्मान निघालं. बोर्ड भंगारात गेले, त्यातला एक चिक्कीच्या दुकानात पॅकिंगचं टेबल झाला. मी मुकाट्याने माऊस धरला, आणि चांगला धरला. पेन मात्र सुटलं ते सुटलंच. पुढे ते फक्त सह्या करायला आणि किराण्याची यादी लिहायला उरलं. आणि आता केस पांढरे झाल्यावर तोच कॉम्प्युटर मला सांगतोय की बाई, पेन हातात घे, हे एकदम नवीन आहे! वर त्याचे जादा पैसे.

नवऱ्याचं मत पक्कं होतं. तो बँकेतून निवृत्त झालेला, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी घालणारा माणूस. "लॅपटॉप म्हणजे झाकण आणि बटणं. बाकी सगळी खेळणी," तो म्हणाला. तरी मी त्याला ओढत तळेगावच्या दुकानात नेलं. तिथल्या विक्रेत्याने मला आपादमस्तक पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "सर, मॅडमना घरगुती वापरासाठी हवाय का? रेसिपी वगैरे बघायला?"

"हो," मी म्हटलं, "बंगल्यांच्या रेसिपी."

त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्याने पेनाचा कॉम्प्युटर उघडला, पडदा पार मागे उलटून त्याची पाटी केली आणि पेन माझ्या हातात दिलं. पहिलीत पाटी आणि आता पुन्हा पाटी, म्हणजे शिक्षण पूर्ण झालं म्हणायचं. मी रेष ओढली. ती थरथरत, मध्ये पोट काढून गेली. पेन उचललं मात्र, आणि ती झटकन ताणली जाऊन सरळ झाली.

"बघा सर, आपोआप सुधारतं," विक्रेता म्हणाला.

नवरा एकदम खूश. मी मात्र सुधारण्याआधीची रेष पाहिली होती. ती क्षणभरच टिकली, पण ती माझी होती आणि भिकार होती. कॉम्प्युटर कुठला घ्यायचा याचं मला तेव्हापासून काहीच वाटेनासं झालं. माझा हात गेला की काय, एवढी एकच भीती मनात बसली. "विचार करते," असं म्हणून मी बाहेर पडले. किंमत ऐकून मी घाबरले असा नवऱ्याचा समज झाला, आणि मी तो होऊ दिला.

पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाचीकडे तसलाच पेनाचा कॉम्प्युटर होता. सुट्टीला आली तेव्हा तिने तो आठवडाभर माझ्याकडे ठेवला. आठवड्यात हिची खुमखुमी जिरेल, असं नवऱ्याने तिच्यासमोरच जाहीर केलं.

त्याच आठवड्यात मला माझं स्वतःचं पहिलं काम मिळालं. लोहगडवाडीत, गडाच्या पायथ्याला, एका मावशींचा पिठलं-भाकरीचा स्टॉल आहे. गड चढायला येणाऱ्यांसाठी त्यांना घरामागे मुक्कामाच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या. मागे एक फणस होता आणि मावशींची अट एकच होती, की फणसाला हात लावायचा नाही. भिंत त्याला वळसा घालून जाईल.

मी जागेवरच खुर्ची टाकून बसले. ढग खाली उतरले होते. पडद्यावर थेंब पडला की कॉम्प्युटरला वाटायचं कोणीतरी बोट लावतंय, आणि तो वाटेल ते उघडून दाखवायचा. पदराने पुसत पुसत मी भिंत काढली आणि फणसापाशी वाकवली. पेन उचलल्याबरोबर भिंत सरळ झाली आणि फणसाच्या बुंध्यातून आरपार गेली. पुन्हा काढली, पुन्हा तेच. भाकरी तव्यावर टाकून मावशी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"आगं बाई, माज्या फणसावरनं भित कशापायी न्हेतीस? मी काय सांगितलं तुला?"

"मी नाही नेत, मावशी. हे यंत्र सुधारतंय."

"सुदारतंय व्हय? त्याला म्हनावं, आदी हितं येऊन बग. एवडा मोटा फणस दिसत न्हाई व्हय त्याला?"

मी भाचीला फोन लावला. ती आधी मनसोक्त हसली, मग म्हणाली, "आत्या, सेटिंगमध्ये जा, बंद होतं ते." मी ते सुधारणं बंद केलं आणि तिसऱ्यांदा भिंत काढली. या वेळी ती जशी काढली तशीच राहिली. फणसाला वळसा घालून गेली, पण सगळीकडे थरथरत गेली. मावशींनी वाकून बराच वेळ पाहिलं.

"आता हाय माजं घर," त्या म्हणाल्या. "पर भित अशी हुडहुडी भरल्यावानी का काडलीस? थंडी वाजतीया का तुला?"

"हो, गारठा आहे ना," मी म्हटलं. गारठा होताच, पण हात त्याने कापत नव्हता. मला त्यांच्यासमोर रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी पिठलं मागवलं.

उरलेले दिवस मी रोज सकाळी चहाआधी स्वयंपाकघरात उभी राहून रेषा ओढत होते. कॉम्प्युटर ओट्यावर, सुधारणं बंद. पहिल्या दिवशी नुसती गांडुळं निघाली. "हेच वहीत कर की, स्वस्त पडेल," नवरा पेपराआडून म्हणाला. वही इथे दमट होते आणि गिऱ्हाइकाला नकाशा फोनवर लागतो, हे मी त्याला रोज नव्याने समजावत होते. चूक कुठे होतेय ते एका सकाळी कळलं. माऊसने मला मनगटातून हात हलवायची सवय लावली होती. मी मनगट आवळून धरलं, खांदा मोकळा सोडला, नजर पडद्याच्या पलीकडच्या कडेला लावली आणि हात ओढला. रेष सरळ गेली. मी नवऱ्याला हाक मारली. त्याने चष्मा लावला, देव्हाऱ्याखालच्या खणातून स्टीलची पट्टी आणली, पडद्याला लावून पाहिली आणि म्हणाला, "हं." आमच्या घरात याहून मोठं कौतुक आजवर झालेलं नाही.

कॉम्प्युटर भाचीला परत केला आणि आम्ही पुन्हा तळेगावच्या त्याच दुकानात गेलो. "सर, ठरलं का मॅडमचं?" विक्रेत्याने नवऱ्याला विचारलं. मी पेनाचा कॉम्प्युटर पुढे ओढला. विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाला लॅपटॉपचं झाकण उघडून दाखवत होता, तेवढ्यात मी सेटिंगमध्ये जाऊन सुधारणं बंद केलं. नवरा माझ्या खांद्यावरून बघत होता. मग विक्रेता आला, आणि मी पेन टेकवून या कडेपासून त्या कडेपर्यंत एका दमात रेष ओढली.

"बघा सर," तो आनंदाने म्हणाला, "आपोआप सुधारतं!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "अहो, ते बंद आहे."

विक्रेत्याने रेषेकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, बिल कोणाच्या नावाने करू?"